कारेगाव ते दौंड, सोळा मिनिटांत

रविवार, ६ जुलै २०२५. सकाळी ११.२०

यंत्राने आज जमीन सोडली. उंची एक फूट दोन इंच, वेळ नऊ मिनिटं. अक्रमने दुजोरा दिला. टेप त्याच्याच हातात होती.

उचलायला चेन ब्लॉक लावला होता, हे खरं. पण यंत्र सरळ वर गेलं आणि सरळ खाली आलं, तेही त्याच जागेवर. धावपट्टी लागली नाही. तत्त्व सिद्ध झालं. आता फक्त चेन काढायची बाकी आहे.

आजपासून रोजनिशी. वही फक्त माझ्यासाठी. पुढे कुणी म्युझियमसाठी मागितली तर बघू.

प्रकल्पाचं कारण लिहून ठेवतो. राजश्री, माझी बायको, रेल्वेत बुकिंग क्लार्क. आधी हडपसरला होती, तेव्हा ये-जा जमायची. एप्रिलमध्ये दौंडला बदली झाली. रेल्वे कॉलनीत क्वार्टर मिळालं, सोबतीला तिची आई गेली. मी कारेगावातच, कारण माझी नोकरी रांजणगाव एमआयडीसीत. मेंटेनन्स सुपरवायझर, सोळा वर्षं. शनिवारी ड्यूटी संपली की मोटरसायकलने न्हावऱ्यामार्गे दौंड, सोमवारी पहाटे परत. एका बाजूला दोन तास. उसाच्या गाड्या चालू झाल्या की अडीच.

सरळ रेषेत अंतर अठ्ठेचाळीस किलोमीटर. ताशी एकशे ऐंशीने सोळा मिनिटं. म्हणजे पाचला कंपनीतून सुटायचं आणि साडेपाचला राजश्रीच्या हातचा चहा. रोज.

या रविवारी दौंडला गेलो नाही. दौंडला लवकर कसं पोचायचं याचं काम चालू असल्यामुळे वेळ झाला नाही.

बुधवार, ९ जुलै

तांत्रिक नोंद. आठ मोटारी, आठ फॅन. वर जाताना फॅन आभाळाकडे. वर गेल्यावर सगळे फॅन बिजागरीवर पुढे झुकणार, आणि यंत्र पंखांवर तरंगत पळणार. उभं उडण्यात बॅटरी जळते, आडवं उडण्यात वाचते. परदेशात मोठमोठ्या कंपन्या या झुकण्यावरच अडकल्यात. त्यांच्याकडे अक्रम नाही. अक्रमचं कारेगावात फॅब्रिकेशनचं दुकान आहे आणि तो पंधरा वर्षं गेट बनवतोय. बिजागरी त्याला कुणी शिकवू नये.

पंखांना पॉलिहाऊसचा कागद. बसायला प्लॅस्टिकची खुर्ची, पाय कापून. जागा मारुतराव आबांची कांद्याची चाळ, सध्या रिकामी. आबांनी विचारलं, हे काय हाय? मी समजावून सांगितलं. आबा म्हणाले, व्हय, व्हय, पन कांदा यायच्या आत उडव म्हंजी झालं.

वजनाचं गणित: सांगाडा ७०, बॅटरी ४०, माणूस ७०. मी ८६. मोटारी बदलण्यापेक्षा माणूस बदलणं सोपं. संकल्प: दसऱ्यापर्यंत सोळा किलो कमी. उद्यापासून मिसळ बंद.

गुरुवार, १० जुलै

कँटीनला मिसळ होती. परवापासून.

रविवार, २० जुलै. संध्याकाळी ६

राजश्री आली. न कळवता, दोन एसट्या बदलून, सव्वातीन तासांत. मी म्हणालो, बघ, म्हणूनच यंत्र हवं. ती म्हणाली, दोन रविवार तुम्ही आला नाहीत म्हणून मला यावं लागलं.

चाळीत नेलं. तिने यंत्राभोवती एक फेरी मारली. कागदांवर ‘राजश्री-१’ असं नाव वाचलं आणि म्हणाली, माझं नाव आधी काढा, उद्या पडलं तर गावभर होईल, राजश्री पडली. अक्रम पाठ करून हसला. नाव तात्पुरतं मागे घेतलं.

मग मुद्द्यावर आली. कुरकुंभला एक कंपनी मेंटेनन्सचा माणूस शोधतेय. दौंडहून कंपनीची बस आहे. ती माझं नाव सांगूनही आलीय. मी म्हणालो, इथे सोळा वर्षं सगळे मला इंजिनिअरसाहेब म्हणतात, तिथे मला कोण ओळखतं? ती म्हणाली, मी ओळखते की.

मी बेअरिंगला ग्रीस लावत बसलो.

शेवटी ठरलं ते असं. दसऱ्याला हे यंत्र मला घेऊन चाळीपासून उडालं आणि आबांचं एवढं एक वावर जरी ओलांडलं, तर ती क्वार्टर सोडणार, कारेगावला येणार आणि रोज यंत्रातून कामाला जाणार. नाही उडालं, तर मी कुरकुंभची नोकरी धरायची आणि सामान घेऊन दौंडला यायचं. ती कंपनी दसऱ्यानंतर आठवडाभर थांबेल. साक्षीदार अक्रम.

बिचारी हरणार. वाईट वाटतं. पण शब्द तिनेच दिलाय.

रविवार, ३ ऑगस्ट

सांगाडा वजनकाट्यावर चढवला. ठरलं होतं ७०. भरला ११८.

अक्रमला जाब विचारला. म्हणाला, भाऊ, मजबुतीत आपन तडजोड करीत न्हाई. म्हस बांधली तरी हलायचं न्हाई. मी म्हणालो, अरे, हलायलाच पाहिजे आपल्याला. तो म्हणाला, हे तुम्ही आधी बोलला न्हाई.

सवयीने पुढच्या बाजूला त्याने लोखंडी पट्टीत ‘सुस्वागतम्’ पण लावलं होतं. ते कापून काढलं. चार किलो वाचले. प्रगती.

या रविवारीही दौंड राहिलं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

ग्रामसभा. यंत्राला नाहरकत मागितली. ग्रामसेवकांकडे विमानाचा फॉर्म नाही. मोबाईल टॉवरचा होता, तो भरला. ‘टॉवरची उंची’ या रकान्यात ‘बदलती’ असं लिहिलं.

चर्चा चांगली झाली. एकाने विचारलं, वरून आमच्या न्हाणीत दिसंल का? मी म्हणालो, वेग एवढा असेल की काही दिसणार नाही. मागून कुणीतरी ओरडलं, मंग एवढी घाई कशाला, हळू जाऊ द्या की! सरपंच करुणाताईंनी सभा शांत केली. ठराव मंजूर, अट एकच: विजेच्या डीपीला आणि बांधावरच्या चिंचेला धक्का लागू नये.

दिल्लीची परवानगी लागते असं कंपनीतला एक जण म्हणाला. चिंचेच्या शेंड्याखालून जायचं असल्यामुळे दिल्लीला त्रास देण्याचं कारण नाही.

रविवार, २४ ऑगस्ट. दुपारी १

ऐतिहासिक. चेनशिवाय उडालं! माणूस नाही, पंख नाहीत, नुसता सांगाडा आणि बॅटरी. आठ इंच, तीन सेकंद. आबांच्या चाळीचा अर्धा कागद त्याच्यापेक्षा वर गेला, तो भाग वेगळा. कोंबड्या अजून परतलेल्या नाहीत.

मी अक्रमला मिठी मारली. तो म्हणाला, भाऊ, खरंच उडलं की हो. म्हणजे आजवर त्याला वाटत नव्हतं. लक्षात ठेवतो.

मग पन्नास किलोची कांद्याची गोणी ठेवली. हललं नाही. निष्कर्ष: कांदा फार जड असतो. माणसाचं वजन विभागलेलं असतं, त्यामुळे तुलना बरोबर नाही.

राजश्रीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, छान. आवाजावरून घाबरलेली वाटली. हरायची वेळ जवळ आलीय ना.

गुरुवार, ४ सप्टेंबर

वजन: सांगाडा ११४, मी ८९.

माझ्या बाबतीत कारण बाहेरचं आहे. गणपतीचे दहा दिवस, त्यात गौरीजेवण. चार घरी बोलावणं होतं आणि एकाकडे खाऊन दुसऱ्याकडे न खाणं म्हणजे गावात वैर. पंधरा तारखेपासून फक्त काकडी.

रविवार, १४ सप्टेंबर

राजश्रीचा फोन. सलग दहा रविवार झाले, असं तिचं म्हणणं. तिच्या आईने, सोजराबाईंनी, फोन ओढून घेतला. जावईबापू, जित्तं हायसा न्हवं? मी म्हणालो, तुमच्यासाठीच राबतोय. त्या म्हणाल्या, आमच्यासाठी दळान आनून दिलं तरी पुरं.

फोन ठेवल्यावर हिशोब मांडला. जुलैपासून दौंडला न गेल्यामुळे प्रवासाचे चाळीस तास वाचले. यंत्र पूर्ण व्हायच्या आधीच त्याने एवढा वेळ वाचवला. राजश्रीला हे सांगणार होतो, मग नाही सांगितलं. का, ते माहीत नाही.

काकडी उद्यापासून.

रविवार, २१ सप्टेंबर. सकाळी १०

अडचण एक: मी ९०. अडचण दोन: दहा दिवसांवर खंडेनवमी, अकरावा दसरा.

हलका माणूस शोधला. अक्रम ५४ किलोचा. विचारलं. म्हणाला, भाऊ, आपन वस्तू बनवून देतो, वस्तूवर बसत न्हाई, हा धंद्याचा नियम हाय. गेटवर तरी मी कुठं बसतो? नियम चांगला आहे. जबरदस्ती केली नाही. शिवाय शब्द ‘मला घेऊन’ असा आहे.

मग वजन कमी करण्याचे निर्णय. पंख काढले, बावीस किलो. पंख दौंडला जाताना लागतील, दसऱ्याला फक्त वावर ओलांडायचंय. बिजागऱ्या काढून फॅन जागेवर वेल्ड केले. एक फॅन मध्येच झुकून आबांच्या खांबाला लागला होता. खुर्चीची पाठ कापली. मी पाठीशिवायही ताठ बसतो.

आता यंत्र पूर्वीपेक्षा साधं आणि म्हणून जास्त कार्यक्षम. फक्त पुढे जात नाही. ते वाऱ्यावर सोडलंय. दसऱ्याला वारा पश्चिमेचा असतो, वावर पूर्वेला आहे.

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी. संध्याकाळी ५

सकाळी कंपनीत मशिनांची पूजा, दुपारी चाळीत यंत्राची. आपल्याकडे आज पान्यापासून पोकलेनपर्यंत सगळ्यांना हार पडतात, विमानाला का नाही? अक्रमही स्वतःच्या वेल्डिंग मशीनला हार घालून आला होता, दरवर्षीसारखा. गाव लोटलं. प्रत्येकाच्या हातात झेंडू. आबांच्याच वावरातला, पाटीभरून.

राजश्री आणि सोजराबाई सकाळच्या एसटीने आल्या. राजश्रीने चकाकत्या नळ्यांवरून हात फिरवला, कुंकू लावलं. म्हणाली, काम स्वच्छ केलंय हो. बरं वाटलं. सोजराबाईंनी सगळ्यात मोठा हार स्वतः बांधला, या फॅनपासून त्या फॅनपर्यंत, तोरणासारखा, घट्ट गाठी मारून. बाकीच्यांनी बघून तसंच केलं.

हारांचं वजन अंदाजे तीन किलो. मी लगेच दुपारचं जेवण सोडलं. गणित जुळलं.

अक्रम म्हणाला, भाऊ, हार काढू का? मी म्हणालो, पूजेचा हार सीमोल्लंघनाआधी काढत नाहीत, त्यात सासूबाईंचा. वजन धरलंय. तो म्हणाला, मी वजनाचं म्हनत न्हाई, मी... तेवढ्यात आबांनी नारळ मागितला.

अक्रमला काय म्हणायचं होतं ते उद्या विचारीन.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा. संध्याकाळी ४.३०

घटनाक्रम जसा घडला तसा.

२.३०. गर्दी दीडशे. करुणाताईंनी फीत कापली. मी हेल्मेट घातलं. सकाळपासून उपाशी, वजन ८९.५. राजश्रीने जवळ येऊन हेल्मेटचा पट्टा लावून दिला आणि हळू म्हणाली, राहू द्या ना, मी जिंकले असं कुणाला सांगणार नाही. मी म्हणालो, माघार नाही. ती पट्टा सोडेना. मग सोडला.

२.४१. चारी बाजूंना माणसं दूर. फॅन चालू. आवाज उत्तम.

२.४२. पूर्ण ताकद. डावी बाजू वर येऊ लागली. स्पष्ट जाणवलं. चार इंच तरी.

२.४२ आणि काही सेकंद. सोजराबाईंचा हार तीन नंबरच्या फॅनने ओढला. त्याच्या गाठीने चार नंबरचा. मग सगळे. पाटीभर झेंडू आठ फॅनमधून बारीक होऊन आभाळात गेला. मला पिवळ्याशिवाय काही दिसेना. यंत्राने डाव्या पायावर पाऊण गिरकी घेतली, एकदा उडी मारली आणि आबांनी आदल्या दिवशी पाणी सोडलेल्या वाफ्यात बसलं. फॅन दोऱ्यांनी आवळून बंद.

मला काही झालं नाही. खुर्ची गेली.

वरून फुलं उतरत होती, सावकाश, सगळ्यांच्या टोप्यांवर, पदरांवर, डीपीवर, चिंचेवर. आणि टाळ्या! शिट्ट्या! लोकांना वाटलं, हाच कार्यक्रम होता. आबा चिखलातून माझ्यापर्यंत आले, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, इंजिनेर, मानलं! आमच्या सत्यजीतचं लग्न हाय डिसेंबरात, नवरानवरीवर आशीच फुलं पाडायची. मी म्हणालो, आबा, हे विमान आहे. आबा म्हणाले, आसू दे की, आमचं काय म्हननं न्हाई.

अक्रम जवळ आला. काल काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. चांगला माणूस आहे.

राजश्री हसत होती. डोक्यापासून पायापर्यंत पिवळी, हसून हसून डोळ्यांत पाणी. एप्रिलपासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. खरं तर एप्रिलपासून तिला फारसं पाहिलंच नव्हतं.

वावर ओलांडलं की नाही, हे तिने विचारलं नाही. माझ्या कॉलरमधल्या पाकळ्या काढत म्हणाली, चला, कालपासून जेवला नाहीत.

डावी बाजू उडाली याची नोंद घेतली जावी. पन्नास टक्के यश.

जेवताना कळलं की कुरकुंभचा फॉर्म तिच्या पर्समध्ये होता, माझं नाव घालून भरलेला, फक्त सही बाकी. म्हणजे मी हरणार हे तिने धरलं होतं. मी श्रीखंडपुरी वाढून घेतली आणि सही केली. अपमान वगैरे नंतर वाटून घेईन. पुरी गरम होती.

सोमवार, ६ ऑक्टोबर

कुरकुंभला जाऊन आलो. तेरा तारखेपासून या म्हणाले. इथे साचलेल्या रजा नोटिशीत धरल्या. निरोपाला सगळ्यांनी इंजिनिअरसाहेब म्हणून भाषणं केली. कार्डवर नाव चुकवलं, पण भावना पोचली.

यंत्र अक्रमच्या ताब्यात दिलंय. त्याने बॅटरी दोन केल्या, खुर्चीच्या जागी फुलांची जाळी बसवली आणि त्याला चाकं लावली. तुळशीच्या लग्नानंतरच्या पाच तारखा लागल्यात. म्हणाला, भाऊ, आता मजबुतीचा उपेग झाला बघा, मंडपात पोरं लटकली तरी काय होत न्हाई.

माझ्या दृष्टीने हा प्रकल्पाचा जमिनीवरचा टप्पा आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर, दौंड. संध्याकाळी ७.२०

संशोधन केंद्र दौंडला हलवलं. दोन ट्रंका आणि टूलबॉक्स.

क्वार्टर बरं आहे. दोन दिवसांत कॉलनीत ओळखी झाल्या. भाजीवाला, दूधवाला, सलूनवाला, सगळे मला ‘बुकिंगच्या मॅडमचे मिस्टर’ म्हणतात. पद नवीन आहे. सवय होईल.

आज राजश्रीची दुपारची ड्यूटी. जाताना म्हणाली, बाहेरच्या खोलीतला फॅन चार महिने बंद आहे, तेवढा बघाल का? एक फॅन! आठ फॅन हाताळलेल्या माणसाला. मी म्हणालो, तू परत येईपर्यंत वाऱ्यात बसशील.

फॅन उतरवला, उघडला, साफ केला, कॅपॅसिटर बदलला, चढवला. चालू केला. गरगर फिरला. जोरात. पण वारा येईना. सोजराबाई खाली बसून वर बघत होत्या. म्हणाल्या, जावईबापू, वारा छताला लावलाय व्हय? बघतो तर खरंच. कॅलेंडर वर उडतंय, खाली पुठ्ठ्याने वारा घेणं चालू.

फॅन उलटा फिरतोय. उलटा फिरणारा फॅन स्वतःला खाली ढकलतो. म्हणजे उतरण्याच्या बाजूने हे महत्त्वाचं आहे. टेक-ऑफवर आपलं काम झालंय, लँडिंग राहिलं होतं. यावर स्वतंत्र नोंद करायला हवी.

७.४०. शेजारचे इलाहीमामा, रेल्वेच्या इलेक्ट्रिक खात्यातून रिटायर, खिडकीतून म्हणाले, साहेब, दोन वायरी उलट्या लागल्यात, देऊ का करून, दोन मिंटांचं काम हाय. मी म्हणालो, धन्यवाद, लक्षात आलंय माझ्या.

७.५२. फॅन पुन्हा उतरवला. दोन वायरी सोडवायच्या होत्या, पाच सुटल्या. सोजराबाईंनी पुठ्ठा खाली ठेवून जेवायला तीन पानं घेतली.

राजश्री आठला सुटते. स्टेशनपासून क्वार्टर पायी चार मिनिटं. आठ वाजून चार मिनिटांनी ती दारात अपेक्षित आहे.

७.५५. इलाहीमामांना सल्लागार म्हणून आत घेतलं. काम वेळेत पूर्ण होणं अपेक्षित आहे. दार वाजलं की त्यांनी उतरायचं आणि स्टूलवर मी चढायचं, एवढंच त्यांना सांगून ठेवलंय.